लाल दिवा आणि नुन्झियोचा मासा

हॅम्बुर्गला मुलीकडे महिनाभर राहून आल्यापासून नुन्झियोच्या अंगात शिस्त आली होती. (अंगात आलेलं काहीही घरच्यांनाच सोसावं लागतं.) तिथे एकदा रिकाम्या रस्त्यावर त्याने लाल दिव्याला पाऊल पुढे टाकलं, तर एका म्हातारीने शाळेच्या मुलांदेखत त्याची अशी हजेरी घेतली, की जर्मनचं एक अक्षर येत नसूनही त्याला सगळं समजलं. तेव्हापासून तो जावयाशेजारी निमूट उभा राहायला शिकला.

त्यामुळे त्या शनिवारी, इटलीतल्या आपल्या कातानियाच्या मासळीबाजारातून तलवार मासा घेऊन परतताना, घरासमोर पादचाऱ्यांचा लाल दिवा दिसताच तो थांबला. दिवा तिथे कित्येक वर्षं होता. त्याला मान देणारा नुन्झियोच पहिला.

माणूस काठावर आला म्हणजे तो जाणारच, म्हणून पहिल्या गाडीवाल्याने ब्रेक दाबला. नुन्झियोने अदबीने हात केला, तुम्ही जा. गाडीवाल्यानेही हात केला, आधी तुम्ही. दोघेही घरंदाज. मागे हॉर्नची रांग लागली.

गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून न्हावी आल्फियो बाहेर आला.

"नुन्झियोकाका, छातीत दुखतंय का?"

"लाल आहे."

आल्फियोने दिव्याकडे पाहिलं, मग काकाकडे, आणि आत जाऊन खुर्ची आणली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने मीठ घातलेला लिंबू-सोडा पाठवला. अर्धी गल्ली म्हणू लागली की माणूस बरोबर आहे. उरलेली म्हणाली, जर्मनांनी याला काहीतरी खायला घातलंय.

नुन्झियो रस्त्यात कोसळला, अशी बातमी घरी पोहोचली. त्याची बायको नेल्ला अॅप्रनवरच रडत खाली धावली, गाड्यांमधून वाट काढत पलीकडे आली आणि खुर्चीत बसून सोडा पिणारा नवरा पाहून रडायची थांबली. नुन्झियोला ते रडणंच बरं वाटलं असतं.

"तुला काही झालेलं नाही?"

"लाल दिवा आहे, नेल्ला. सुधारलेली माणसं थांबतात."

"माझा भाऊ बायकोपोरांसकट जेवायला येऊन बसलाय. आणि मासा तुझ्या मांडीवर शिजतोय."

"मासाही थांबेल."

"मासा थांबत नाही, म्हणूनच तो ताजा आणायचा असतो."

एवढ्यात हॉर्नच्या गोंगाटाने वाहतूक पोलीस आला. त्याने सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली, मग खांबाभोवती एक चक्कर मारली.

"काका, बटण दाबलंत का?"

"कसलं बटण?"

पोलिसाने खांबावरचं धुळीने माखलेलं बटण बोटाने दाबलं. थोड्या वेळात वर एक हिरवा माणूस उजळला. गल्लीत कुणी त्याला आजवर पाहिलेलं नव्हतं. आल्फियोने तर टोपी काढली.

नुन्झियोच्या डोक्यात मात्र आता हॅम्बुर्ग उजळत होतं. जावई दर चौकात खांबाला हात का लावायचा, ते त्याला आत्ता कळलं. त्याला वाटायचं, पोरगा कामाने थकतो, म्हणून टेकतो. एवढंच नाही, तर त्याने मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नवऱ्याला जरा मटण खाऊ घाल, उभं राहवत नाही बिचाऱ्याला.

हे सगळं उलगडेपर्यंत नेल्ला त्याच्या मांडीवरचा मासा उचलून पलीकडे पोहोचलीसुद्धा. नुन्झियो घाईघाईने खुर्चीतून उठला, तेव्हा दिवा पुन्हा लाल झाला होता.