त्रेपन्न मिनिटांचा वाचक

संशोधनाची थोरवी ते किती जणांना समजलं यावरून ठरत नाही, किती जणांनी पुढे ढकललं यावरून ठरते. हे एकदा मान्य केलं की आमच्या संस्थेतल्या, वाचकांचं लक्ष मोजणाऱ्या लक्षमापन विभागाचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

‘शाळेतलं लैंगिक शिक्षण आणि किशोरवयीन गर्भधारणा’ हा आमच्या एका संशोधक बाईंचा अहवाल विभागाच्या गुणांकनात यंदा पहिला आला. बाईंनी त्यावर सहा वर्षं घालवली. (ही बाब गुणांकनात धरत नाहीत.) अहवाल एक्केचाळीस हजार जणांनी पुढे पाठवला, दोनशे बारा जणांनी उघडला. सरासरी वाचन नऊ सेकंद. अकराशे जणांनी बाईंना शिव्या दिल्या. निम्म्यांनी मुली बिघडवल्याबद्दल, निम्म्यांनी मुलींना अडाणी ठेवल्याबद्दल. एकाने खाली जुनी सायकल विकायला काढली. प्रत्येकी एक गुण.

गडबड एकाच नोंदीत होती. कुठल्याशा शाळेच्या वाचनालयातल्या संगणकावर कुणीतरी अहवाल सलग त्रेपन्न मिनिटं वाचला होता. तळटीपांसकट. आणि खाली लिहिलं होतं : ‘पाळी चुकून अकरा दिवस झाले. कुणाला सांगू? आईला नको.’

विभागप्रमुखांनी नोंद बाद केली. “बाई, माणूस असं वाचत नाही. हे यंत्राचं काम आहे.”

“यंत्राची पाळी चुकते का हो?”

“ते तांत्रिक विभागाला विचारावं लागेल.”

“मग निदान मला उत्तर तरी लिहू द्या.”

“लिहा की. उत्तरं समितीपुढे जातात. समिती दोन आठवड्यांनी बसते.”

“तोवर अकराचे पंचवीस होतील!”

“आकडा वाढता असलेला बरा,” प्रमुख समजुतीच्या स्वरात म्हणाले.

नोंद बाद झाल्यावर नियमाप्रमाणे प्रश्नही पुसला गेला. प्रश्नच नाही म्हटल्यावर समितीचाही वेळ वाचला.

बाईंना मात्र संस्थेची शिस्त कधी अंगवळणी पडलीच नाही. त्यांनी रजा टाकली, ती शाळा शोधून गाठली, तिथल्या नर्सबाईंशी बोलून घेतलं आणि वाचनालयातल्या संगणकावर एक चिठ्ठी चिकटवली : ‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर नर्सबाईंच्या खोलीत आहे. नाव विचारणार नाहीत, रागावणार नाहीत.’

त्या दिवशी नर्सबाईंकडे सात मुली आल्या. अकरा दिवसांची त्यांतली एक. उरलेल्या सहा जणींचे प्रश्न वेगळे होते आणि तेही बरेच जुने होते.

चिठ्ठीला मोजणी यंत्र जोडलेलं नसल्यामुळे विभागाने तिची नोंद ‘वाचक : शून्य’ अशी केली. बाईंच्या सेवापुस्तकात विनापरवाना उत्तर दिल्याचा शेरा आला. अहवालाला मात्र पारितोषिक मिळालं. ते प्रमुखांनी स्वीकारलं.

आता तुमच्याविषयी. इथपर्यंत दोन-अडीच मिनिटं वाचलंत, म्हणजे विभागाच्या लेखी तुम्हीही संशयित आहात. त्यावर उपाय सोपा आहे. हे लगेच घरच्या ग्रुपवर टाका आणि वर लिहा : ‘मुली असलेल्यांनी जरूर वाचावं’. तुमची मुलगी त्याच ग्रुपवर आहे. ती अंगठ्याचं चिन्ह टाकेल, आणि मग तिच्याशी बोलायचं काम उरणार नाही.