छप्पर कशाने उडालं?

नाय बेबांगच्या (नाय म्हणजे आई, सगळं गाव तिला तसंच म्हणे) घराचं छप्पर उडालं, याबद्दल सामार बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात कुणाचंही दुमत नव्हतं. ते तिच्या डोळ्यांदेखत उडालं, माडांच्या डोक्यावरून समुद्राकडे गेलं आणि परत येण्याचं काही चिन्ह दिसेना. प्रश्न एवढाच होता, की ते कशाने उडालं.

"वादळानं," बेबांग म्हणाली.

"ते झालंच हो, नाय," गावचा कप्तान, म्हणजे सरपंचच, तेओफिस्तो म्हणाला. निवडून आलेला माणूस असल्यामुळे तो कुठल्याच गोष्टीला चटकन हो म्हणत नसे. "पण वादळ साधं होतं की हवामान बदलाचं? साधं असेल तर तुम्ही आपद्‌ग्रस्त. हवामान बदलाचं असेल तर तुम्ही हवामानबाधित. दोन्हींच्या समित्या वेगळ्या."

"आणि पत्रे?"

"पत्रे तेच." कप्तानाने कचेरीच्या मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलंसुद्धा. नवे कोरे पत्रे भिंतीला टेकून उभे होते. "पण चुकीच्या कारणासाठी बरोबर पत्रे दिले, तर वर मी अडकतो ना!"

"अरे बाबा, माझ्या लेकीचे, रोसवीचे दिवस भरत आलेत. बाळंतिणीला काय छत्रीखाली निजवू?"

कप्तान मनाने वाईट नव्हता. त्याने स्वतःची छत्री दिली आणि कारण ठरवायला मनिलाहून तज्ज्ञ बोलावले.

मनिलाहून मॅडम जोसेल आल्या, सोबत पाचसहा जण आणि एक भलामोठा फ्लेक्स. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय काम सुरू झालं असं कुणी धरत नाही, आणि लागला की संपलं असंच धरतात. फ्लेक्सवर एका बाजूला पृथ्वी होती, दुसऱ्या बाजूला कप्तानाचा हसरा चेहरा होता, आणि चेहरा पृथ्वीपेक्षा मोठा होता. खाली लिहिलं होतं, 'हवामानाशी जुळवून घेणारं, प्लास्टिकमुक्त गाव'. फ्लेक्स अर्थातच प्लास्टिकचा होता.

आता दारी माणसं आली म्हणजे त्यांना खाऊ घातल्याशिवाय कसं सोडणार? घराला छप्पर नाही हे काही पाहुण्यांना उपाशी पाठवण्याचं कारण होत नाही. बेबांगने केळीच्या पानात चिकट भात गुंडाळून सुमान वाफवलं आणि बाळंतिणीसाठी राखलेली कोंबडी आलं घालून शिजवली. रोसवी चुलीकडे बघत नुसती बसून राहिली.

मॅडमनी रस्सा संपवला, हात पुसले आणि घरभर हिंडल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"नाय, घरात वीज नाही?"

"वादळात तार गेली, मॅडम."

"पंखाही नाही. दिवसा आपोआप उजेड. हवा खेळती. आणि पावसाचं पाणी थेट घरात!" मॅडमनी सोबतच्यांकडे वळून पाहिलं. "एवढी वर्षं आपण परिषदांमध्ये जे मांडतोय, ते या बाईने करून दाखवलंय."

"मी नाही हो, वादळानं केलं."

"हीच ती नम्रता," मॅडम म्हणाल्या.

अशा रीतीने बेबांगचं घर जिल्ह्यातलं पहिलं आदर्श हवामानस्नेही घर ठरलं. कारणाचाही निकाल लागला. वादळ हवामान बदलाचंच होतं, म्हणजे पत्र्यांवर बेबांगचा हक्क पक्का झाला. मात्र पत्रे घातले असते तर आत अंधार झाला असता, दिवा लावावा लागला असता आणि घर आदर्श राहिलं नसतं. कप्तानाने हे तिला इतक्या हळुवारपणे समजावलं, की तिलाच त्याची दया आली.

"मग रोसवीनं करायचं काय?"

"खारफुटीची रोपं मिळतील की. मोठी झाल्यावर वारा अडवतील."

"कधी होणार मोठी?"

"बाळाबरोबरच वाढतील हो!" कप्तान कौतुकाने म्हणाला.

ही बातमी प्रांताच्या मुख्य गावी पोचली आणि ॲटर्नी व्हिलामोर पेटून उठले. पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असल्यामुळे त्यांना गरिबांचं दुःख बघवत नसे. तेही फ्लेक्स घेऊन आले. त्यावर त्यांची आवळलेली मूठ होती आणि लिहिलं होतं, 'आधी माणूस, मग हवामान!' बेबांगने उरलेली दुसरी कोंबडीही कापली.

"हवामान, हवामान! हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत," ॲटर्नी तंगडी चावत गरजले. "या माउलीला रोपं नकोत. छप्पर हवंय, छप्पर!"

बेबांगला इतकं बरं वाटलं, की तिने त्यांना आणखी रस्सा वाढला. "देवानंच धाडलं तुम्हाला, ॲटर्नी. पत्रे कचेरीत पडलेत. तेवढे काढून द्या."

"देणार म्हणजे देणारच. पण आत्ता दिले तर सभेत मी दाखवू काय? थोडी कळ काढ, नाय. तू अशीच राहा. तूच माझा पुरावा आहेस."

रोसवीच्या तोंडून शिवीच गेली. पाहुण्यांसमोर शिवी दिली म्हणून बेबांगने तिला दटावलं, पण मनातल्या मनात तीच शिवी तिनेही दिली.

सभा बेबांगच्याच अंगणात भरली. विषय होता, 'आधी हवामान की आधी माणूस?' मॅडमही आल्या, कारण उत्तर द्यायला हवं होतं. दोन्ही फ्लेक्स ताठ उभे राहावेत म्हणून घराच्या भिंतीचे बांबू काढून घेतले. त्याला दोन्ही बाजूंची संमती होती. दिवसभरातलं त्यांचं एकमत तेवढंच.

मॅडम म्हणाल्या, पृथ्वीच राहिली नाही तर छप्पर कशावर घालणार? टाळ्या पडल्या. ॲटर्नी म्हणाले, माणूसच राहिला नाही तर पृथ्वी कुणासाठी वाचवणार? आणखी टाळ्या पडल्या. गाव दोघांनाही टाळ्या देत होतं, कारण दोन्हींकडून सुमान वाटलं जात होतं आणि ते बेबांगच्याच चुलीवर शिजत होतं. कप्तानाने लोकांना हात वर करायला सांगितले. तेवढ्यात वारा सुटला. नवं वादळ येतंय म्हणून रेडिओ सकाळपासून ओरडत होता, पण सभेच्या कर्ण्यापुढे तो ऐकतो कोण? पाहुणे गाड्यांकडे धावले. आणि उघड्या घरात रोसवीला कळा सुरू झाल्या.

बेबांगने कप्तानाची कचेरी गाठली. दाराला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन कप्तान पाहुण्यांना पोचवायला गेला होता. ती उलट पावली आली, दोन्ही फ्लेक्स ओढून काढले आणि शेजारणींना हाका मारल्या. मासे पकडायच्या जाळ्याच्या दोऱ्याने बायकांनी ते एकमेकांना शिवले आणि वाऱ्याशी झुंजत उरल्यासुरल्या वाशांवर ताणून बांधले. त्याखाली रोसवीला मुलगी झाली. सुखरूप झाली. पोर पहिल्यांदा रडलं तेव्हा बेबांगही रडली, मोठ्याने, लाज सोडून.

वादळ ओसरल्यावर दोन्ही बाजू फोटो काढायला परत आल्या. आपलाच फ्लेक्स कामी आला याचा दोघांनाही मनापासून आनंद झाला. कप्तानालाही सुटल्यासारखं वाटलं. घराला आता छप्पर होतं, म्हणजे बेबांग हवामानबाधित राहिली नव्हती. छप्पर प्लास्टिकचं होतं, म्हणजे घर आदर्शही राहिलं नव्हतं. पत्रे वर परत पाठवता येत होते.

फ्लेक्सचं छप्पर बरंच टिकलंय. एका उतारावर पृथ्वी आहे, दुसऱ्यावर मूठ. फक्त जिथे दोन्ही शिवलेत तिथे गळतं, आणि खालची खोली एवढीशी, की बाळाची झोळी टांगायला नेमकी शिवणीखालचीच जागा आहे. पोर खोकत असतं. बाळाला पृथ्वीकडे सरकवावं की मुठीकडे, यावर गावात अजून वाद चालतो. एव्हाना तुमचंही मत झालं असेल. ते ऐकायला बेबांगची ना नाही. या म्हणते, दोन घास खाऊन जा. फक्त येताना तुमचा फ्लेक्स जरा मोठा छापून आणा.