मागच्या सीटखालचा हिटर

वासुदेवराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं शहाणपणाचं काम केलं ते म्हणजे लिलावात एक जुनी जीप घेतली. जीप सगळं आयुष्य हिमाचलच्या बर्फात फिरलेली, म्हणून तिच्या मागच्या सीटखाली खास हिटर होता. मे महिन्यात जिथे पंख्याचा वारासुद्धा भाजून काढतो, त्या मोहाडीत हिटरची गाडी घेणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. वासुदेवरावांना याचा फार अभिमान होता.

हिटरची रचना साधी होती. इंजिनातलं गरम पाणी दोन लोखंडी पाईपांतून गाडीच्या पोटाखालून मागे जायचं, सीटखालची हवा तापवायचं आणि परत यायचं. पाणी बंद करायची तोटी जाम झालेली, तीही उघड्या अवस्थेत. त्यामुळे हिटर बारा महिने चालू. त्यात पाईप गंजून गळायला लागले, आणि अंगणात गाडीखाली रोज इतकं पाणी साचू लागलं की त्यांच्या बायकोने, आनंदाबाईंनी, सडा घालणंच सोडून दिलं.

केवळराम मिस्त्रीने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निदान केलं.

"भाऊ, इंजिनापाशीच दोन्ही तोंडं एका रबरी पाईपनं जोडून टाकू. पाणी मागं जाईनच नाही. अर्ध्या घंट्याचं काम आहे."

"आन् हिटर?"

"हिटर कायले पायजे जी? अंडे उबवाचे आहेत काय?"

वासुदेवरावांनी तीस वर्षं दफ्तर सांभाळलं होतं. एकदा नोंद झालेली वस्तू आदेशाशिवाय हलत नाही, हा त्यांचा धर्म. जीपच्या कागदावर 'मागील हिटरसह' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी केवळरामला हात जोडले आणि गाडी घरी आणली.

पुढे मुलीचं, डिंपलचं लग्न निघालं. बपेऱ्याच्या मनिषने तिला पसंत केलं होतं, तिने त्याला त्याच्याही आधी केलं होतं. उरला होता फक्त मनिषच्या वडिलांचा, भय्याजींचा होकार. जानेवारीत ते घर पाहायला येणार होते. पण त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले, बसची पायरी चढवत नव्हती. त्यांना जीपने आणायचं ठरलं, तशी डिंपल वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माह्यासाठी तरी तो पाईप बंद करा," ती म्हणाली. "सासऱ्याच्या पायावर गरम पाणी सांडलं त माहं काय होईन?"

पोरीचे डोळे भरलेले पाहून वासुदेवराव विरघळले. पण नोंद मोडायचीच तर ती स्वतःच्या हाताने, असं म्हणून त्यांनी मिस्त्रीला टाळलं. धानावर औषध मारायच्या फवारणी पंपाची नळी त्यांनी हातभर कापली आणि इंजिनापाशी दोन्ही तोंडं जोडली. हिटरकडे जाणाऱ्या नळ्या मात्र टाकून न देता सुतळीने बाजूला बांधून ठेवल्या. फवारणीच्या नळीला उकळत्या पाण्याची सवय नसते, हे कोणत्याही दफ्तरात लिहिलेलं नव्हतं.

बपेऱ्याहून निघताना भय्याजी पाय लांब करता यावेत म्हणून मागच्या सीटवर बसले. वाटेतलं तुमसर मागे पडलं आणि समोरून फट्टकन आवाज झाला. सगळी गाडी वाफेने भरली, वर औषधाचा उग्र वास. भय्याजी कसेबसे खाली उतरले आणि थंडीत, एका बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर गुडघे धरून बसले.

"वासुदेवराव," ते शांतपणे म्हणाले, "मले परत बपेऱ्याले सोडून द्या. हे काही जमत दिसत नाही."

वासुदेवरावांच्या डोळ्यांसमोर डिंपल उभी राहिली. त्यांना स्वतःची इतकी लाज उभ्या नोकरीत वाटली नव्हती. इंजिन थंड होताच त्यांनी मुकाट्याने सुतळी सोडली, जुन्या नळ्या होत्या तशा जोडल्या आणि बोडीचं गढूळ पाणी बाटली-बाटलीने आत ओतलं. बपेऱ्याला तर बपेऱ्याला, निदान माणूस घरी पोचवावा म्हणून गाडी वळवली.

दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "थांबवा जी."

वासुदेवरावांनी डोळे मिटून ब्रेक दाबला.

"हे गरम गरम काय लागून राहिलं पायाले?"

"हिटर आहे जी. बंद होत नाही."

"बंद करू नका. दोन वर्षांत गुडघ्याले असा शेक भेटला नाही." भय्याजी सीटवर ऐसपैस पसरले. "फिरवा गाडी. मोहाडीले चला."

लग्न ठरलं. मुहूर्त निघाला पंधरा मेचा. भय्याजींची मागणी एकच: वरातीत ते याच जीपमध्ये, मागच्या सीटवर बसणार, हिटर चालू पाहिजे आणि शेजारी व्याही पाहिजेत. मे महिन्यात हिटर कशाला, असं वासुदेवरावांनी अदबीने विचारून पाहिलं.

"गुडघा काय महिना पाहून दुखते?" भय्याजी म्हणाले.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला तसे वासुदेवराव गुपचूप केवळरामकडे पोचले. पाईप फारच गळतात, तुझं म्हणणं बरोबर होतं, आजच्या आज बंद करून टाक, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

केवळरामने कोपऱ्यातलं पोतं उघडलं. आत दोन लांब पाईप झळकत होते.

"भय्याजी काल ठेवून गेले. भंडाऱ्याहून खास बनवून आणले, अस्सल पितळेचे. आता तुमच्या हयातीत गळत नाही, भाऊ."

वासुदेवरावांनी एक पाईप उचलून पाहिला. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं त्यावर नाव घातलेलं होतं: 'श्री. वासुदेवराव यांस, व्याह्यांकडून सप्रेम भेट.' खाली तारीखही होती.

त्यांनी ते दोनदा वाचलं. नोंद रीतसर झाली होती.

"बसव," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून आतापासूनच घाम पुसू लागले.