गॅसचा फोटो

रोग कोणालाही होऊ शकतो. पण तो रोग्याला कळू न देण्यासाठी घराणं चांगलं लागतं. लकडगंजातले लाकडाच्या वखारीचे मालक रुपरावजी यांचं घराणं याबाबतीत अव्वल होतं. १९८५ साली त्यांच्या स्वादुपिंडात गाठ असल्याचं बायको देवकीबाईंना, साळ्याला, शेजाऱ्यांना, आरामशीनवर लाकूड कापणाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला माहीत होतं. (पानठेलेवाल्याला कळलं म्हणजे पार इतवारीच्या बाजारापर्यंत कळलं.) गैरसोय नको म्हणून फक्त रुपरावजींना वगळलं होतं.

त्या वर्षी एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "पडद्यावर गाठ बघत बघत पोटातून बारीक सुई घालू, चार पेशी ओढून घेऊ, सूक्ष्मदर्शकाखाली तपासू. लवकर कळलं तर ऑपरेशन होऊ शकतं. फक्त सुई जाताना पेशंटनं श्वास धरला पाहिजे. श्वासाबरोबर गाठ वरखाली होते."

"भाऊजीले सांगाचं नाही, डॉक्टरसाहेब," साळे चंद्रभानजी म्हणाले. "हाय खातीन ते. गॅसचा फोटो काढून राहिलो म्हणू. खोलीत कोणी बोलाचं नाही. तुम्ही नुसता इशारा करा."

डॉक्टरांनी मान डोलावली. (एवढ्या नातेवाइकांसमोर शास्त्राचं काय चालणार?)

ऐन वेळी डॉक्टरांनी हात वर केला. चंद्रभानजींनी श्वास रोखला. देवकीबाईंनी तोंडाला पदर लावून रोखला. नर्सनं रोखला. दारातून डोकावणाऱ्या चुलत व्याह्यांनीही, आपलं कर्तव्य म्हणून, रोखला. खोलीत श्वास घेणारा एकच इसम उरला. छताकडे बघत तो म्हणाला, "काहून गा चंद्रभान, एका गॅसले एवढे लोक लागते?"

गाठ हलली. सुई भलतीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सुईत गाठीच्या पेशीच आल्या नाहीत. पुन्हा करावं लागेल."

चंद्रभानजींनी शांतपणे विचार केला. पेशीच नाहीत, तर वाईट पेशी कुठून असणार? आणि वाईट पेशी नाहीत, तर रोग कसला? (तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही, लकडगंजात निकाल म्हणतात.) दुपारी संत्रा बर्फी वाटली गेली. गॅस गेल्याबद्दल रुपरावजींना दोन तुकडे जास्त मिळाले.

काही महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. घरानं बहुमतानं कावीळ ठरवली आणि महाल भागातल्या वैद्याचा काढा सुरू केला. रुपरावजी मात्र गुपचूप सायकलरिक्षा करून डॉक्टरांकडे गेले.

"घरचे लय गोड बोलून राहिले, साहेब. देवकी तर भांडतच नाही. मले काय झालं ते तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी गाठीचं सांगितलं. मग विचारलं, "श्वास धरता येईल?"

"एवढंच होतं? मले कोणी म्हटलंच नाही!"

ओंडके उचलण्यात हयात गेलेला माणूस. त्यानं श्वास असा धरला की पडद्यावरची गाठ जागची हलली नाही. सुई थेट आत गेली. पेशी आल्या. कॅन्सर होता, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

"घरी मी सांगू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नका सांगू, साहेब. चंद्रभानचं काळीज लय नाजूक आहे."

(परतताना सायकलरिक्षा पानठेल्यावर थांबली होती.) त्यानंतर शेवटपर्यंत त्या घरात सर्वांना सर्व माहीत होतं, आणि चहाच्या वेळी रोज गॅसचीच चौकशी होत असे. इतका एकोपा हल्ली पाहायला मिळत नाही.

तुम्ही खुशाल हसा. तुमची तब्येत उत्तम आहे. परवा तुमच्या पोटाचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बाकावर बसवून घरच्यांना आत बोलावलं, ते चहालाच असेल.