उताऱ्यातलं पाणी

एका जंगलात वाघ उरला नव्हता. म्हणून तिथे एक समिती होती.

नीट मांडी घालून बसा, बाळांनो, आणि नाकातलं बोट काढा. गोष्ट शिक्षणाची आहे.

त्या जंगलाच्या वरच्या पठारावर पूर्वी एक साहेब राहून गेला होता. जाताना त्याने मागे एक खुर्ची ठेवली, पुस्तकांनी भरलेलं एक कपाट ठेवलं आणि एक भाषा ठेवली. खुर्चीवर सांबर सर बसले. कपाटाला समितीने कुलूप ठोकलं. भाषेचं काय करावं ते कुणाला सुचेना, म्हणून तिची परीक्षा सुरू केली.

सांबर सर समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शिंगांना पुष्कळ फाटे होते. प्रत्येक फाटा म्हणजे एक पदवी, असं ते स्वतःच सांगत. शिंगं दर वर्षी गळून पडत आणि पुन्हा उगवत. पडल्यामुळे सरांना काही फरक पडल्याचं कुणाला कधी जाणवलं नाही.

नियम असा होता की इंग्रजीच्या परीक्षेत जो पास होईल त्याला कपाट उघडायला मिळेल. आजवर कितीतरी जण पास झाले होते. कपाट कुणीच उघडलं नव्हतं. पास झाल्यावर कशाला कोण वाचतं?

पण साळूला ते उघडायचं होतं. साळू म्हणजे साळिंदराची पोर. पाठभर काटे, आणि रागावली की सगळे उभे. ती इंग्रजी शिकली रस्त्याकडेच्या पाट्यांवरून, मैलाच्या दगडांवरून आणि सहलीला आलेल्या माणसांनी फेकलेल्या बिस्किटांच्या कागदांवरून. ‘माकडांना खायला घालू नये’ ही पाटी तिनेच पहिल्यांदा वाचून सगळ्यांना समजावली. तेव्हापासून वानरं तिच्याशी बोलत नव्हती.

वेळ मिळेल तेव्हा ती पठारावर जाई आणि कपाटाच्या फटीला नाक लावून बसे. आत पुस्तकांच्या पाठी दिसत. अर्धं नाव वाचायचं आणि उरलेलं मनात पुरं करायचं. यातच तिची दुपार सरे.

ही साळू परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

पहिल्या वर्षी उतारा होता एका माणसाचा, ज्याचा बैल हरवतो. प्रश्न होता, तो माणूस दुःखी का झाला? साळूने लिहिलं, कारण त्याचा बैलावर जीव होता. शून्य.

“सर, हे चूक कसं?” ती विचारायला गेली.

सांबर सरांनी उत्तरांचा कागद काढला. “इथे काय लिहिलंय? बिकॉज ही लॉस्ट हिज बुल. तुझ्या उत्तरात लॉस्ट कुठाय?”

“पण अर्थ तर...”

“अर्थाला गुण नसतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. सापडला की ती ओळ उचलायची आणि खाली ठेवायची. मध्ये तुझं डोकं कुठून आलं?”

दुसऱ्या वर्षी शब्दार्थ होते. ‘बिग’चा अर्थ तिने ‘ह्यूज’ लिहिला. सरांच्या कागदावर ‘लार्ज’ होता. पुन्हा शून्य.

आता तिसरी खेप. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला परत कधीच बसता येत नसे. मग कपाट विसरायचं आणि जन्मभर बिळात बसून कंद उकरायचे.

“एक दिवस डोकं बाजूला ठेव गं बये,” तिची आई म्हणाली. “तो मुंगशा बघ. गल्लीतल्या सगळ्या सराव परीक्षांत पहिला येतो.”

“त्याला इंग्रजी येतं का?”

“त्याला कशाला यायला हवं? त्याला गुण येतात.”

साळूने कपाट आठवलं. ओळ उचलायची आणि खाली ठेवायची, असं तिने आईला वचन दिलं.

इकडे सांबर सरांना नवीन उतारा हवा होता. नियमाने उतारा मुलांनी आधी न पाहिलेला असावा लागे. सर शोधत शोधत नदीवर आले. तिथे पळसाच्या खोडाला माणसांनी एक छापील कागद ठोकला होता. वरच्या अंगाला माणसांचं धरण होतं, त्या धरणाच्या कचेरीचा तो कागद. खालच्या सगळ्यांसाठी सूचना होती आणि खालच्या कुणालाच येत नाही अशा भाषेत होती. तुम्हाला वाटतं हा मूर्खपणा फक्त जनावरांत असतो? मोठे व्हा, मग कळेल.

सरांनी कागद निरखला. अक्षरं ठळक. शब्द लांबलचक. वर तारीख आणि वेळसुद्धा छापलेली, दुपारी बारा.

“वा,” सर म्हणाले, “परीक्षेची तारीख घालायचं कामही वाचलं.”

त्यांनी कागद खिळ्यावरून ओढून काढला. दहा गुणांचे प्रश्न काढले आणि मुलांसाठी नकला करून घेतल्या. प्रश्न काढायला उतारा समजावा लागत नाही, ओळीच्या पुढे ‘काय’ किंवा ‘कोणी’ लावलं की झालं. मग कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला आणि तो खुर्चीच्या गादीखाली ठेवून त्यावर बसले.

परीक्षा नेहमी नदीच्या कोरड्या पात्रात होई. तिथे झाड नाही, झुडूप नाही, कॉपी लपवायला जागा नाही. एकेका दगडावर एकेक पिल्लू. वर काठावर आईबाप डबे घेऊन बसत आणि दुसऱ्याच्या पोराकडे बघून आपल्या पोराला हातानेच खुणा करत.

पर्यवेक्षक होत्या घोरपडबाई. एकदा पकडलं की सोडत नाहीत म्हणून त्यांना ते काम दिलेलं.

“काटे खाली,” त्या साळूला म्हणाल्या. “काट्याकाट्याला उत्तरं टोचून आणतात कार्टी.”

साळूने काटे मिटले. सूर्य माथ्यावर आला आणि सरांची शिटी वाजली.

पहिला प्रश्न होता, काय सोडण्यात येईल? साळूने उताऱ्यात ‘रिलीज्ड’ शोधला, ओळ उचलली आणि खाली ठेवली. वॉटर विल बी रिलीज्ड. झालं. म्हणजे हे इतकं सोपं असतं.

दुसरा प्रश्न, कोणी दूर राहावे? उचलली, ठेवली.

मग शब्दांचा प्रश्न आला. ‘इव्हॅक्युएट’ हा शब्द वाक्यात वापरा. शेजारच्या दगडावर मुंगशाने लगेच लिहून टाकलं, माय फादर इज अ गुड इव्हॅक्युएट. पण साळूला हा शब्द नीट वापरायचा होता. तिने तो उताऱ्यात कसा आलाय ते पाहिलं. मग त्याच्या आधीची ओळ वाचली. मग पहिल्यापासून वाचलं.

बाळांनो, इथेच तिचं चुकलं.

उताऱ्यात लिहिलं होतं की आज दुपारी बारा वाजता धरणाचे दरवाजे उघडतील. पाणी नदीच्या पात्रात येईल. पात्रात कुणी असेल त्याने ताबडतोब निघून जावं.

साळूने वर पाहिलं. सूर्य माथ्यावरून किंचित कलला होता. तिने भोवती पाहिलं. दगडादगडावर पिल्लं माना खाली घालून बसली होती आणि ‘वॉटर विल बी रिलीज्ड’ असं सुवाच्य अक्षरात लिहीत होती.

तिचे काटे उभे राहिले.

“काटे,” घोरपडबाई म्हणाल्या.

“बाई, हा उतारा खरा आहे.”

“उतारा खरा नसतो आणि खोटा नसतो. दहा गुणांचा असतो. बस खाली.”

“बाई, पाणी येतंय. इथे. आता.”

बाईंनी सरांना हाक मारली. सर खुर्चीसकट पात्रात बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरून मान वळवली.

“सर, तुम्ही हा उतारा वाचलाय का?” साळूने विचारलं.

“वाचलाय का म्हणजे? मी तो काढलाय.”

“मग त्यात काय लिहिलंय ते सांगा.”

“परीक्षा चालू असताना उत्तर सांगू?” सर हसले. “फार हुशार समजतेस स्वतःला. दोनदा नापास झालीस ना तू? गप बसलीस तर यंदा बघू. उठलीस तर हा दगड आणि ते कपाट, दोन्ही कायमचं विसर.”

साळू एक क्षण तिथेच राहिली. तिला कपाटाची फट आठवली. फटीतली अर्धी नावं आठवली. मग वरच्या वळणाकडून अगदी बारीक, कुणीतरी कुजबुजावं तसा आवाज आला.

ती दगडावर उभी राहिली आणि जंगलाच्या साध्या भाषेत, सगळ्यांना कळेल असं, घसा फोडून ओरडली, “पाणी येतंय. धरणाचं पाणी सोडलंय. वर पळा.”

एकही मान वर झाली नाही. फक्त मुंगशा हळूच कुजबुजला, “म्हणजे पहिल्याचं उत्तर पाणी ना? थँक्यू हं.”

मग साळूने बोलणं सोडलं. तिने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि मागे मागे धावत सुटली. पहिला टोचला मुंगशाला. तो किंचाळत काठाकडे पळाला. मग ससे, मग भेकरं, मग तरसाची जुळी. दगडामागून दगड रिकामा होत गेला. काठावरचे आईबाप साळूच्या नावाने शिव्या देऊ लागले.

साळूची आई तेवढी उठली. “माझी पोरगी आगाऊ आहे,” ती बाकीच्यांना म्हणाली, “पण वाचताना चुकत नाही.” आणि खाली उतरून तिने दोन पिल्लं तोंडात धरून वर आणली.

“वेळ संपलेली नाही,” सर खालून बजावत होते. “जो उठेल तो...”

पुढचं ऐकू आलं नाही. वळणावरून पाणी आलं.

घाबरू नका, कुणी बुडालं नाही. घोरपडबाई आपल्या दगडाला चिकटल्या होत्या त्या पाणी ओसरेपर्यंत चिकटूनच राहिल्या. मग वर येऊन त्यांनी विचारलं, पुरवणी कुणाला हवी आहे का. सांबर सरांना पोहता येत होतं. बराच वेळ नुसत्या पदव्या पाण्यावर तरंगताना दिसत होत्या. खुर्ची मात्र वाहून गेली.

कुणीच बुडालं नाही, आणि हेच साळूच्या मुळावर आलं. बुडालं असतं तर पाणी धोक्याचं होतं हे सिद्ध तरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली. सर ओलेच होते. साळूवर आरोप ठेवण्यात आला की तिने पेपर फोडला.

“गोपनीय उताऱ्याचा अर्थ,” सर म्हणाले, “परीक्षा चालू असताना, विद्यार्थ्यांना, भर पात्रात, मोठ्याने सांगितला. आणि तोही मातृभाषेत.”

“सर, सगळे वाचले,” साळू म्हणाली.

“वाचले ना? मग ते फुटलेल्या पेपरामुळे वाचले. हे वाचणं नियमात बसत नाही.”

“तुम्हीसुद्धा वाहून गेलात की.”

“मी वाहून गेलो नाही. वेळ संपल्यावर परिस्थितीसोबत पुढे गेलो.”

आदल्या दिवशी ज्यांची पिल्लं वाचली ते सगळे आईबाप तिथे होते. साळूने त्यांच्याकडे पाहिलं. मुंगशाचा बाप घसा खाकरून उठला. साळूला वाटलं, आता हा बोलेल.

“आमच्या पोराचे पहिल्या दोन प्रश्नांचे गुण तरी धरा,” तो म्हणाला. “पाण्याचं उत्तर त्याने बरोबर लिहिलं होतं. शिवाय त्याला पाठीत तीन काटे लागलेत. त्याचे काही सवलतीचे देता आले तर बघा.”

समितीने खूप विचार केला. पेपर वाहून गेल्यामुळे सगळ्यांना पास केलं. साळूला कायमचं नापास केलं. कपाटाची किल्ली मुंगशाला मिळाली. त्याने ती दोरीत ओवून गळ्यात घातली. कपाट काही उघडलं नाही. आतली पुस्तकं, तो म्हणाला, अभ्यासक्रमात नाहीत.

आणि तो उतारा? तो समितीकडे उरलेल्या नकलेवरून आदर्श उत्तरांसह छापला गेला. आता जंगलातली सगळी पिल्लं तो तोंडपाठ म्हणतात. वॉटर विल बी रिलीज्ड, वॉटर विल बी रिलीज्ड. कधी कधी पात्रात खेळताना म्हणतात.

पुढल्या वर्षी एके सकाळी पळसाच्या खोडाला नवा कागद दिसला. साळू त्याच्यासमोर उभी होती. तिने तो वरून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. तेवढ्यात सांबर सर नवीन शिंगं सांभाळत धापा टाकत आले.

“काय गं,” सर म्हणाले, “काही विशेष?”

साळूचे काटे उभे राहू लागले. मग तिने ते हळूहळू मिटले.

“छान उतारा आहे, सर,” ती अदबीने म्हणाली. “शब्द अवघड आहेत. वर तारीख आणि वेळसुद्धा छापलेली आहे.”

“बघ,” सर खूश झाले. “नापास झाल्यावर कशी सुधारलीस. मोठ्यांशी असंच बोलावं.” त्यांनी कागद ओढून काढला आणि नव्या खुर्चीच्या गादीखाली ठेवायला नेला.

साळू तिथून थेट बिळाबिळाला गेली. त्या तारखेला सगळ्या पिल्लांना पठारावर सहलीला नेणार आहे, असं तिने घरोघर सांगितलं. परीक्षा बुडेल म्हणून आईबाप आधी नको म्हणाले. मग त्यांनी तिच्या काट्यांकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

“आणि आम्ही?” मुंगशाच्या बापाने विचारलं.

“तुम्ही मोठे आहात,” साळू म्हणाली. “तुम्ही पात्रात बसून सरांना पेपर सोडवायला मदत करा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरात सगळ्यांना येतं.”

तात्पर्य : मुलांनो, उतारा कधीही समजून वाचू नये. त्याने पेपर फुटतो, मोठ्यांचा अपमान होतो आणि उगाच चारचौघांचे जीव वाचतात. उतारा उचलावा, तसाच खाली ठेवावा, आणि दिलेल्या तारखेला दुपारी बारा वाजता नदीच्या पात्रात वेळेवर हजर राहावं. येताना अध्यक्षांना बसायला खुर्ची आणावी.