मान्य पद्धतीचं पाणी

आठवडी बाजारात सेंद्रिय भाजीचा गाळा हवा, तर प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राच्या अर्जात सिंचन पद्धतीचा रकाना असतो. मळेवालीने त्या रकान्यात 'झारी' असं लिहिलं. मळा कसला, बारा वाफे. सकाळच्या दोन तासांत झारीने सगळे भिजायचे. तिचा पालक असा तरारलेला असायचा की शेजारणी कुंपणापाशी उगाच रेंगाळायच्या.

"पाट, तुषार किंवा ठिबक," कारकून म्हणाला. "झारी यादीत नाही, बाई."

"पण झाडांना पाणी तर मिळतंय ना?"

"मिळत असेल. कुठल्या पद्धतीने मिळतंय ते ठरेपर्यंत ते अनधिकृत पाणी."

पद्धत निश्चित होईपर्यंत पाणी बंद ठेवावं, अशी लेखी सूचना तिच्या हातात पडली आणि खाली तिची सहीही घेतली गेली. गाळ्यांचं वाटप पंधरा दिवसांवर होतं. गाळा गेला तर वर्षभराची मेहनत पाण्यात, तीसुद्धा पाणी न घालता. मळेवालीने त्याच दिवशी तपासनिसाला बोलावलं.

तपासनीस अतिशय सज्जन होता, तिथेच घोडं पेंड खात होतं. ठिबकची नळी प्लास्टिकची, आणि प्लास्टिक सेंद्रिय असल्याचा दाखला त्याला कुठे सापडेना. तुषारचे थेंब वाऱ्याने शेजारच्या शेतात गेले, तर तिथला औषधं मारलेला कोबी विनापरवाना सेंद्रिय होण्याचा धोका होता. पाटाचं पाणी उताराने जाणार, आणि उतार दुसऱ्या तपासनिसाच्या हद्दीत. तिन्ही पद्धती मान्य होत्या; वापरता तेवढ्या येत नव्हत्या.

नवऱ्याने पहाटे गुपचूप पाणी घालायला सुचवलं. कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं.

"मी सही केलीय," ती म्हणाली. अशा प्रामाणिकपणाने कुणालाही भरून येईल, पण पालकाला आलं नाही. नवव्या दिवशी तो आडवा झाला. टोमॅटोंनीही माना टाकल्या. मळेवाली बांधावर बसून पोटभर रडली. मळ्यात उभं होतं ते फक्त तण. काटेरी, करडं, कुणी न लावलेलं.

चौदाव्या दिवशी समिती आली.

"पाणी कसं देता?" अध्यक्षांनी विचारलं.

"देतच नाही."

समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याच्या सिंचनावर एकही हरकत निघू शकत नाही, असा अर्जदार त्यांनी प्रथमच पाहिला होता. पहिल्या श्रेणीचं प्रमाणपत्र जागच्या जागी मिळालं, वर 'निर्जल' असा खास शेरा. तणाकडे बघून अध्यक्षांनी पीक जोमदार असल्याचंही नमूद केलं.

गाळा मिळाला. मांडायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने तणाच्या जुड्या बांधल्या आणि मान खाली घालून उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला ती खरं तेच सांगत होती, की अहो, हे तण आहे. लोक म्हणाले, म्हणजे अगदीच नैसर्गिक. तासाभरात टोपली रिकामी झाली.

तुम्हीही दोन जुड्या नेल्यात. भाजी कडू लागली तेव्हा घरच्यांना दटावून खायला घातलीत, पाहुण्यांपुढे तिचे गुण गायलात आणि पुढच्या वेळेसाठी चार जुड्या आधीच सांगून ठेवल्यात. तुमची मागणी पुरी व्हायची, तर वाफे मोकळे हवेत. परवा चुकून एका कोपऱ्यात पालक पुन्हा डोकं वर काढत होता. मळेवालीने तो मुळासकट उपटून टाकला.