जागा लिहिली नाही तरी चालेल

"शनिवारी सकाळी घरात माणूस नको," उत्कर्षाने बजावलं. "तू आणि जाईसुद्धा नको."

परदेशातल्या त्यांच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये शनिवारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. विद्यापीठात ती खारफुटीवर संशोधन करत होती आणि तिचा करार महिनाअखेर संपत होता. ही कायमची नोकरी हुकली, तर इतक्या वर्षांचं काम गुंडाळून तिला घरी बसावं लागणार होतं.

तिच्या नवऱ्याने, दर्शनने, त्यावर जालीम उपाय शोधला. ओळखीतली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी न कळवता टपकायची. तेव्हा त्या सगळ्यांनाच पुलाउ उबीन बेटावर सहलीला न्यायचं, म्हणजे बेल वाजायचा प्रश्नच मिटला.

"मग ग्रुपवर एक ओळ टाक की," उत्कर्षा म्हणाली.

"ग्रुपवरचं बोलावणं जयवंतीकाकू धरत नाहीत. प्रत्येकाला नावानिशी निरोप गेला पाहिजे. मी प्रोग्रॅमच लिहितो."

दर्शन चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. अशा माणसाला चार फोन करण्यापेक्षा बोलावणी पाठवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, लिहिणं सोपं वाटतं. त्याने ते लिहिलंही झकास. नाव आणि वेळ दिल्याशिवाय फंक्शन हलायचं नाही. जागा मात्र त्याने ऐच्छिक ठेवली. दिली तर ती जायची, नाही दिली तर आपोआप घरचा पत्ता. एरवी सगळे घरीच तर जमतात, दर वेळी पत्ता कोण टाइप करणार? शुक्रवारी त्याने सगळ्यांची नावं दिली, वेळ दिली आणि एंटर मारलं. बेटाची बोट जिथून सुटते, ती चांगी पॉइंटची जेटी द्यायची राहूनच गेली. वेळ राहिली असती तर संगणकाने बोंब मारली असती. जागा नसल्याचं संगणकाला काही वाटलं नाही. 'अगत्य येणे, वाट पाहतो' एवढा मजकूर आणि बेडोकचा पत्ता घेऊन निरोप सुटले.

शनिवारी जेटीवर दर्शन आणि सहा वर्षांची जाई उभे होते. उबीनची छोटी बोट चालवणारा अंकल ती भरल्याशिवाय निघायला तयार नव्हता.

"बाबा, नोबडी कमिंग लाह," जाईने तिथल्या खास इंग्रजीत निकाल दिला.

दर्शनने बाबाजीकाकांना फोन लावला. बाबाजीकाका म्हणजे जयवंतीकाकूंचे यजमान. जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. आज ते चक्क कुजबुजत होते.

"कुठे पोचलात, काका?"

"तुझ्या घरी. सगळेच आलोत. उत्कर्षाने दार उघडलं, गप्प बसायची खूण केली आणि मुलाखतीला आत पळाली. तू कुठे आहेस रे?"

"माझ्या घरी? तिथे कोणी बोलावलं तुम्हाला?"

"तूच! नावानिशी!"

दर्शनने गेलेला निरोप उघडून पाहिला. खाली बेडोकचा पत्ता होता. जाईला उचलून तो टॅक्सीकडे धावला.

फ्लॅटच्या दारापासून लिफ्टपर्यंत चपला होत्या. आत सोफ्यावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं तोंडावर बोट ठेवून बसली होती. कुणीतरी आणलेला चकल्यांचा डबा फिरत होता. आग्रह हातवाऱ्यांनीच चालला होता. पण कुडुम असा आवाज होईल म्हणून चावायची कुणाची छाती नव्हती. चकली तोंडात धरून सगळे ती विरघळायची वाट बघत होते.

"काकू कुठे आहेत?" दर्शनने हळूच विचारलं.

"आत," बाबाजीकाका म्हणाले. "उत्कर्षाला चहा द्यायला म्हणून गेली, ती तिथेच बसली."

दर्शनने बेडरूमच्या दाराला कान लावला.

"शी इज व्हेरी सिन्सिअर," जयवंतीकाकू सांगत होत्या. "कुकिंग ऑल्सो गुड, बट दॅट यू डोन्ट नीड." तीन पुतण्यांची लग्नं जमवलेल्या काकूंनी मुलाखतीचा रीतसर मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम केला होता. "नाऊ टेल. लाइक ऑर नॉट लाइक?"

दर्शनने डोळे मिटून घेतले. आतून दोन-तीन माणसांच्या हसण्याचा आवाज आला.

"लाइक, आंटी! ऑलरेडी लाइक लाह!"

थोड्या वेळाने उत्कर्षा बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "पत्र पुढच्या आठवड्यात येईल. पण हो म्हणाले!"

कोंडून धरलेले सगळे आवाज एकदम सुटले. चकल्याही कडाकड वाजल्या. दर्शनच्या जिवात जीव आला.

"म्हणजे एका अर्थी माझ्या फंक्शनमुळेच..." दर्शनने सुरुवात केली, पण उत्कर्षाने त्याला मध्येच तोडलं.

"एक आहे पण," ती म्हणाली. "वर्षातले चार महिने इंडोनेशियातल्या खारफुटीत काढावे लागतील. काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं. मी अडखळले. तर काकूच म्हणाल्या, नो प्रॉब्लेम, घर आणि मुलगी नवरा बघेल."

"अहो काकू, पण मला कुठे कोणी विचारलं?"

जयवंतीकाकू रिकामा कप घेऊन बाहेर येत होत्या.

"आमचे हे बोटीवर चढले, तेव्हा मागे घर आणि पोरं कोण बघणार, हे मला तरी कुठे कोणी विचारलं होतं?" त्या सहज म्हणाल्या.

बाबाजीकाकांनी घसा खाकरला, बायकोच्या हातातला कप घेतला आणि ते सिंककडे गेले. दर्शननेही बाकीचे कप गोळा करायला घेतले.